लायनर बदलण्याआधी भिंत बघा

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा बॅकयार्डातला, जमिनीवर उभा असलेला पोहण्याचा गोल पूल घराबरोबरच आला. व्यास २४ फूट, भिंत स्टीलची आणि ५२ इंच उंच, मिठावर क्लोरीन तयार करणारी यंत्रणा. आधीच्या मालकांच्या कागदांवरून पूल १३ वर्षांचा आहे आणि आताचा लायनर (आतलं प्लास्टिकचं अस्तर) ९ वर्षांचा. यंदा कव्हरवर बर्फ साचून राहिला. एप्रिलमध्ये कव्हर काढलं तर उत्तरेकडची भिंत आत वाकलेली, वरच्या दोन टॉप रेल (भिंतीच्या कडेवर बसणाऱ्या पट्ट्या) मुरगळलेल्या. पाणी भरलं की रोज इंचभर उतरतं, स्किमरच्या (वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाखाली गेलं की थांबल्यासारखं होतं. स्किमरखाली बाहेरून तळहाताएवढा तांबडा डाग आहे, रंगाला फोड आलेत.

एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लायनर आणि दोन रेल बदलून देतो, १,६५० डॉलर. दुसरा म्हणतो, हा मोडीत काढा, नवीन बसवतो, ७,८०० डॉलर. नवऱ्याचं म्हणणं, बाहेरून इपॉक्सी (कडक होणारा चिकट लेप) लावू आणि यंदाचं साल ढकलू. मुलं ७ आणि १० वर्षांची आहेत, जूनअखेर सासू-सासरे नाशिकहून येताहेत. कुणाचं ऐकू?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार.

आधी आजचं काम. नळी बंद करा आणि पाणी स्किमरच्या तोंडाखाली दोन-तीन इंच उतरू द्या. ते तिथे आपोआप थांबतं हे तुम्हीच लिहिलंय. पण पूल पूर्ण रिकामा करू नका. आतलं पाणी गेलं की ही भिंत म्हणजे ७५ फूट लांबीची पातळ पत्र्याची पट्टी उरते, आणि मे-जूनमधल्या एखाद्या वादळी संध्याकाळी ती दुमडायला वेळ लागत नाही. शिवाय ९ वर्षांचा लायनर उन्हात कोरडा पडला की आक्रसतो आणि परत भरताना तळाच्या शिवणीत फाटतो. भिंतीची तपासणी होईपर्यंत मुलांना पाण्यात उतरवू नका, आणि पूलला टेकून बसू देऊ नका.

आता मुद्द्यावर येऊ. दोन्ही कॉन्ट्रॅक्टरांनी भाव दिले, पण दोघांपैकी कुणी भिंतीच्या तळाशी वाकून पाहिल्याचं तुमच्या पत्रात नाही. निर्णय तिथेच होणार आहे. वाकलेल्या रेल, विटलेला लायनर, आत आलेला पोचा या सगळ्या नजरेत भरणाऱ्या गोष्टी आहेत आणि सगळ्या बदलता येतात. भिंत तेवढी बदलता येत नाही. म्हणजे सुटी मिळते काही मॉडेलांची, पण ती बसवायची तर अख्खा पूल उकलावा लागतो. मग जुने खांब नव्या भिंतीला लावण्यात फारसा अर्थ राहत नाही.

भिंत नक्की काय काम करते

खांबांनी पाणी धरलंय असं बाहेरून वाटतं. गोल पूलमध्ये तसं नसतं. खांब वरच्या रेल धरतात आणि भिंत सरळ उभी ठेवतात. पाण्याचा रेटा भिंतीचा पत्राच झेलतो, लाकडी पिंपाचं लोखंडी कडं झेलतं तसा. तुमच्या पूलमध्ये चार फूट पाणी धरलं तर साधारण १३,५०० गॅलन होतं, म्हणजे ५१ हजार लिटर, ५१ टन. आपल्याकडच्या १० हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात पाच टँकर. या पाण्यामुळे भिंतीच्या पत्र्यात, आडव्या दिशेने, एकूण सुमारे २,७०० किलोचा ताण असतो, रात्रंदिवस.

पण हा ताण वरपासून खालपर्यंत सारखा नसतो, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. हिशेब केला तर पाण्याच्या वरच्या एका फुटात एकूण ताणाच्या जेमतेम ६ टक्के ताण येतो. तळाच्या एका फुटात येतो जवळजवळ ४४ टक्के. स्किमर वरच्या फुटात असतो. म्हणून स्किमरभोवतीचा गंज कितीही भयानक दिसला तरी तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो, आणि तळाशी दोन बोटं रुंदीचा गंज दिसला तर पूल निकालात निघतो.

अडचण अशी की स्किमरची गळती स्किमरपाशी थांबत नाही. तिथून झिरपलेलं पाणी लायनर आणि भिंत यांच्या मधून खाली ओघळतं आणि भिंत ज्या खाचेत उभी असते त्या बॉटम ट्रॅकमध्ये साचतं. तुमचं तर मिठाचं पाणी. डाग वर दिसतो, पत्रा खाली खाल्ला जातो. त्यामुळे तुमच्या पूलवर सर्वांत महत्त्वाची जागा तो तळहाताएवढा डाग नाही. त्याच्या सरळ खाली, जमिनीलगतचे सहा इंच ही आहे.

तपासणी: एक शनिवार सकाळ पुरे

गळती खरंच स्किमरचीच आहे ना, हे पक्कं करून घ्या. रोज एक इंच म्हणजे तुमच्या व्यासाला २८० गॅलन, हजार लिटरहून जास्त. एवढं बाष्पीभवन मे महिन्यात होत नाही. तरी बादलीची चाचणी करा, फुकट आहे. त्यासाठी एका दिवसापुरतं पाणी पुन्हा स्किमरच्या मध्यापर्यंत आणा. शिडीच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात पूलइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा, बादलीच्या आत आणि स्किमरच्या तोंडावर टेपने खूण करा. २४ तासांनी दोन्हीतला फरक म्हणजे गळती. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा करा. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर पंपाकडून परत येणाऱ्या पाइपात किंवा रिटर्नच्या (गाळलेलं पाणी पूलमध्ये सोडणाऱ्या तोंडाच्या) जोडात दोष आहे. दोन्ही वेळा सारखं उतरून स्किमरखाली थांबत असेल तर स्किमरचं गॅस्केट (जोडातली रबरी पट्टी) गेलंय. खात्रीसाठी पंप बंद करून पाणी निवळू द्या आणि फेसप्लेटच्या (स्किमरच्या तोंडावरच्या चौकटीच्या) कडेला, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, ड्रॉपरने थोडा खाण्याचा गडद रंग सोडा. रंग फटीत ओढला जाताना डोळ्यांना दिसतो. चाचणी झाली की पाणी परत खाली आणा.

मग बाहेरून तळ उघडा करा. स्किमरच्या सरळ खाली, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट, मल्च, खडी, माती, गवत जे काय भिंतीला टेकलं असेल ते बाजूला करा. बॉटम ट्रॅकची वरची कड दिसायला हवी. चार कोरडे दिवस गेल्यावरही तिथली माती ओली असेल तर ती खूण वाईट.

आता लक्ष देऊन वाचा, कारण इथे लोक चूक करतात. गंज तपासायचा म्हणून अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीत खुपसू नका. मागे लायनर आहे आणि लायनरमागे ५० टन पाणी. प्लास्टिकच्या पट्टीने फोड खरवडा, तारेच्या ब्रशने हलका हात फिरवा, आणि मग नुसत्या अंगठ्याने दाबा. तीनपैकी एक गोष्ट होईल. तांबडी पूड निघून खाली करडं जस्त दिसलं, तर तो वरवरचा गंज, रंगाचं काम आहे. जस्त गेलंय, पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आहेत, पण अंगठ्याखाली पत्रा घट्ट लागतो, तर तो दुरुस्तीचा गंज. आणि पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील, दाबल्यावर जुन्या पापडासारखं कुरकुरत असेल किंवा सुईएवढ्या भोकातून ओल येत असेल, तर तिथे पत्रा उरलेला नाही, नुसता गंज उभा आहे. दाबणं तिथेच थांबवा.

हेच आणखी दोन ठिकाणी करा. एक, भिंतीचा जोड. ७५ फुटांच्या पत्र्याची दोन टोकं एका उभ्या पट्टीवर बोल्टच्या रांगेने जोडलेली असतात. हा जोड सहसा एखाद्या खांबाआड लपवलेला असतो, म्हणून खांबाच्या बाजूने टॉर्च मारून बघावं लागतं. वर सांगितलेला सगळा ताण या बोल्टांमधून जातो. बोल्टचं डोकं गंजलेलं असणं वेगळं. बोल्टाचं भोक लांबट होऊन अंड्याच्या आकाराचं झालेलं दिसलं तर पत्रा फाटायला लागलाय. तिथे ठिगळ लावायला कुणी तयार झालं तरी लावू देऊ नका. दुसरं ठिकाण रिटर्नचं. तो स्किमरपेक्षा खाली असतो, त्यामुळे त्याखालचा गंज थोडा जास्त गांभीर्याने घ्यायचा.

पोच्याचं तुम्हाला सर्वांत जास्त वाटत असेल, पण त्याची चिंता सर्वांत कमी करा. गोलसर, पसरट पोचा पाणी भरल्यावर दाबाने बराचसा बाहेर येतो. उरलेला लायनर काढल्यावर लाकडाचा ठोकळा आणि रबरी हातोडीने सरळ होतो. पत्र्याला धारदार घडी पडली असेल, कागद दुमडल्यासारखी, आणि घडीवर रंग तडकला असेल तर मात्र तिथून पुढच्या दोन वर्षांत गंज धरेल. ती जागा दोन्ही बाजूंनी जस्ताच्या प्रायमरने बंद करावी लागते. घडी स्किमरच्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलीय का, हे जरूर बघा. तिथे चीर असेल तर ती पत्र्याचा तुकडा लावल्याशिवाय थांबत नाही.

जमीन समपातळीत आहे की नाही, ते पाणीच सांगतं. पाण्यापासून भिंतीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर चारी बाजूंना मोजा. इंचभर फरक चालतो. दोन इंचांच्या पुढे असेल तर एका बाजूचा पाया बसलाय, आणि नुसता लायनर बदलून तो उचलला जाणार नाही.

इपॉक्सी का नाही

तुमच्या यजमानांचा विचार समजण्यासारखा आहे, सोपा दिसतो. पण बाहेरून लावलेलं ठिगळ पाण्याच्या उलट दिशेने धरायचं असतं. पाणी त्याला आतून ढकलत राहतं. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे गंज आतल्या अंगाने चालू आहे. बाहेर इपॉक्सीचा गुळगुळीत थर दिला की ओल आत अडकते आणि डाग दिसेनासा होतो, इतकंच. डाग दिसत राहणं ही सध्या तुमची एकमेव धोक्याची घंटा आहे, ती बुजवू नका. अशी भिंत थेंब थेंब गळून इशारा देत संपत नाही. कमकुवत रेषेवर एकदा फाटायला लागली की ती चीर वरपर्यंत जाते आणि सगळं पाणी काही सेकंदांत एका बाजूने बाहेर येतं. समोर मूल उभं असेल तर काय होईल, ते लिहायला नको.

तीन उन्हाळ्यांचं गणित

तुमचेच आकडे घेऊ. नवीन पूल ७,८०० डॉलर. तो १५ वर्षं धरला तर मध्ये एकदा लायनर येणारच, आजच्या भावाने आणखी १,६५० समजा. म्हणजे ९,४५० भागिले १५, वर्षाला ६३० डॉलर. दुरुस्तीचे १,६५०: भिंत दोनच उन्हाळे टिकली तर वर्षाला ८२५, तीन टिकली तर ५५०, सहा टिकली तर २७५. तेव्हा प्रश्न "जुना की नवा" असा नाहीच; ही भिंत आणखी तीन उन्हाळे काढेल का, एवढाच आहे. लायनर आठ-दहा वर्षं जाईल हे खरं असलं तरी त्याची वर्षं धरू नका. लायनर भिंतीबरोबरच जातो, जुन्यातून काढून नव्यात बसवता येत नाही.

तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून आमचं मत असं. गंज फक्त स्किमरभोवती असेल आणि तळाचे सहा इंच व जोड घट्ट असतील, तर पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचं काम घ्या, खालच्या अटींवर. तीन उन्हाळे सहज निघतील. स्किमरच्या सरळ खाली तळाशी पापुद्रे असतील किंवा जोडाची भोकं लांबली असतील, तर या पूलवर एक डॉलरही घालू नका.

दुरुस्तीच्या अटी

लायनर निघाल्याशिवाय भिंतीची आतली बाजू कुणालाच दिसत नाही, अनुभवी माणसालाही नाही. म्हणून करारात एक वाक्य लिहून घ्या: जुना लायनर काढल्यावर, नवा खोक्यातून उघडण्याआधी, आम्हाला बोलवायचं, भिंत वाईट निघाली तर काम तिथे थांबेल आणि फक्त उपसा व काढणी एवढीच मजुरी द्यायची. ती रक्कम आत्ताच ठरवा. उघडलेला लायनर बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, त्यामुळे हे वाक्य नसेल तर सडलेल्या भिंतीवरही नवा लायनर चढतो. त्या दिवशी सुट्टी घ्या. लायनर निघालेला असेल, तेव्हा मात्र स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खुशाल टोचा, तळाशी सगळा गोल फिरून.

स्किमरभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने झाडून, गंज मारणारं द्रावण आणि मग जस्ताचा प्रायमर दोन हात. पत्रा जिथे विरलाय तिथे जस्त चढवलेल्या पत्र्याचा तुकडा, स्किमरच्या मापाचं भोक पाडलेला, चारी बाजूंना निदान चार इंच चांगल्या पत्र्यावर जाईल असा. तयार दुरुस्ती-प्लेटही मिळतात. अॅल्युमिनियमचा पत्रा स्वस्त आणि कापायला सोपा म्हणून सुचवतील. मिठाच्या पाण्यात स्टीलला खेटून ठेवलेलं अॅल्युमिनियम लवकर झिजतं, नको म्हणा. रिव्हेटची गुळगुळीत बाजू लायनरकडे, कडा घासलेल्या, वरून टेप. भिंतीला फोमचं अस्तर लावू का, असं विचारतील. खडबडीत जागेवर लायनर घासू नये म्हणून ते चांगलं, पण त्याने भिंत मजबूत होत नाही; "फोम लावला की गंजाचं टेन्शन नाही" म्हणणाऱ्यापासून सावध.

तळाला दोन इंच मेसन सँड (बांधकामाची बारीक वाळू) असते, ती चाळून, खडे वेचून, सपाट करून घ्यायची. भिंत आणि तळ मिळतात तिथे उतार हवाच, नाहीतर लायनर त्या काटकोनात ताणला जाऊन भिंतीखालून बाहेर फुगतो. वाळूचा उतार चालतो. चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या चार फुटी येतात, तुमच्या घेराला १९ लागतील, २० मागवा.

स्किमर आणि रिटर्नची गॅस्केटं नवीन, स्क्रू स्टेनलेसचे. जुनं गॅस्केट "चांगलं दिसतंय" म्हणून परत लावतात, आणि १३ वर्षांचा पूल पुन्हा त्याच जागी गळू लागतो. सिलिकॉन भरायचं नाही. स्क्रू हाताने, समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. लायनर बसवायला ऊन असलेला, पण वारा नसलेला दिवस हवा, २० अंश सेल्सियसच्या वर. थंडीत तो ताणत नाही. मागची हवा शॉप व्हॅकने (मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरने) ओढून सुरकुत्या काढायच्या आणि तळाला पाणी चढेपर्यंत व्हॅक चालू ठेवायचा. लायनरला स्किमर-रिटर्नची भोकं आधी कापायची नाहीत. पाणी रिटर्नच्या खाली चार-सहा इंचांवर आलं की आधी त्याचं, मग तसंच स्किमरचं. घरच्या नळाला मिनिटाला ९ गॅलन येत असेल तर पूर्ण भरायला २५ तास लागतात. त्यातले पहिले दोन तास कुणीतरी तिथे उभं पाहिजे, कारण तळाची सुरकुती पाय चालवून तेव्हाच निघते.

उपशाचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नका. क्लोरीन यंत्रणा आठवडाभर आधी बंद करून क्लोरीन उतरू द्या आणि टाउनशिपला विचारून सोडा. मिठाचं पाणी झाडांच्या मुळाशी नको.

टॉप रेलसाठी पूलचा मेक आणि मॉडेल लागतो. तो सहसा खांबावरच्या टोपीच्या किंवा रेलच्या खालच्या अंगाला छापलेला किंवा चिकटवलेला असतो. टोपी उघडून फोटो काढा. नुसतं "२४ फुटी गोल" सांगून आलेला भाग बसत नाही. मॉडेल बंद झालं असेल आणि रेल कुठेच मिळत नसतील, तर तेवढ्यावरून पूल मोडू नका. जुने पूल मोडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरांकडे वापरलेले भाग पडून असतात.

आणि लायनर मागवण्याआधी प्रकार बघून घ्या. भिंतीवरून उलटा दुमडून प्लास्टिकच्या पट्टीने धरलेला असेल तर तो ओव्हरलॅप. कडेला जाड पट्टी असून ती खाचेत अडकवलेली असेल तर बीडेड. दोन्हींची खोकी सारखीच दिसतात.

नवीन घ्यायची वेळ आली तर

जूनसाठी धडपडू नका. मे-जूनमध्ये पूल बसवणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच लोक शांतपणे काम करतात आणि भावावर बोलायलाही तयार असतात. जुना आत्ता काढा, जागा झाकून ठेवा. पंप, फिल्टर, शिडी ठेवून घ्या. ७,८०० मध्ये ते धरलेत का, विचारा, आणि धरले असतील तर वजा करायला लावा.

"रेझिन (कडक प्लास्टिक) पूल" या शब्दाने फसू नका. रेझिनचे असतात ते खांब आणि रेल. भिंत बहुतेकांची स्टीलचीच असते. मिठाची यंत्रणा ठेवणार असाल तर रेझिनची चौकट घेणं शहाणपणाचं, पण भिंतीवर आतल्या बाजूने कोणता लेप आहे, हे वेगळं विचारा. दीर्घ वॉरंटी दरवर्षी कमी होत जाणारी असते आणि मजुरी सहसा तिच्यात नसते. व्यास २४ फूटच ठेवलात तर पाया आणि कव्हर कामी येतात.

नवीन पूल म्हणजे टाउनशिपची परवानगी आणि विजेची तपासणी. राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार, विजेचा धक्का टळावा म्हणून, पूलभोवती ८ गेज जाडीची उघडी, सलग तांब्याची तार लागते: भिंतीच्या आतल्या कडेपासून १८ ते २४ इंचांवर, ४ ते ६ इंच खोल, चार ठिकाणी पूलला जोडलेली. जुन्या पूलला ती नसेल तर ७,८०० मध्ये ती धरलीय का, हा पहिला प्रश्न. दोन भाव जवळजवळ असले आणि एक स्वस्त निघाला की बऱ्याचदा गाळलेली असते ती हीच तार.

यंदापुरता एखादा कापडी, नळ्यांच्या चौकटीचा पूल आणावा असं वाटेल. हरकत नाही, पण २४ इंचांहून खोल पाणी असेल तर कुंपणाचे नियम त्यालाही लागू होतात. आणि कुणाकडून वापरलेला घेणार असाल तर नीट बघा: जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ४८ इंच आणि त्याहून उंच अशा सुमारे ५० लाख पूलचा रिकॉल (सदोष माल परत मागवणं) जाहीर केला, कारण खांबांच्या बाहेरून फिरणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मुलं आत चढत होती. तसा पट्टा दिसला तर घेऊ नका.

विमा कंपनीला फोन करून बघा, पण आशा धरू नका. प्रमाणित घर-विम्यात बर्फाच्या वजनाने किंवा गोठण्याने पूलचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं आणि गंज तर कायमच बाहेर. झाड पडून मोडला असता तर गोष्ट वेगळी होती.

भिंत आत वाकली ती बहुधा कव्हरच्या तारेमुळे. तार करकचून आवळलेली, कव्हरवर बर्फ, खाली पाण्याची पातळी नको तितकी उतरवलेली. मग सगळं वजन भिंतीच्या वरच्या कडेला लटकतं. येत्या नोव्हेंबरात स्किमरच्या तोंडावर हिवाळी झाकण लावून पाणी वरच ठेवा, म्हणजे कव्हर बर्फावर टेकेल. तार बोटभर सैल असू द्या आणि कव्हरवर साचलेलं पाणी गोठण्याआधी छोट्या पंपाने उपसत राहा. फावड्याने बर्फ खरवडू नका. फार झालं तर कव्हर फाटेल. ते फाटू द्या.